आपलं बाद में

विधानसभेच्या मतदानादिवशी सकाळी सात वाजता, आमच्या गावातल्या कन्या शाळेच्या केंद्रावर पहिले मत मन्मथअप्पांनी दिले. ते त्यांनी स्वतःचा धंदा बंद व्हावा म्हणून दिले. बाहेर आल्यावर शाईचे बोट वर करून त्यांनी ही गोष्ट रांगेतल्या सगळ्यांना सांगितली. मत गुप्त असते, असे दारावरच्या पोलिसाने त्यांना समजावले.

"गुप्त तुमचं आसंल," अप्पा म्हणाले. "आपलं जीपवर लिहिलेलं हाय."

ते खरे होते. अप्पांची काळी-पिवळी जीप शाळेपासून नियमाइतक्या अंतरावर उभी होती आणि तिच्या मागच्या पत्र्यावर पेंटरने ठळक अक्षरांत लिहिले होते: जिल्हा झालाच पाहिजे.

आमचे गाव तालुक्याचे. लातूर जिल्हा संपतो आणि नांदेड जिल्हा सुरू होतो, त्या शिवेवर ते आहे. कलेक्टर, जिल्हा परिषद, सिव्हिल हॉस्पिटल, सगळे लातूरला. ज्याचे काम यांपैकी कुठे अडकले असेल, तो सकाळी काळी-पिवळीच्या स्टँडवर येणार आणि एखाद्या जीपमध्ये कोंबला जाणार. अप्पांचे पोट त्या अडकलेल्या कामांवर होते. एका उमेदवाराने गाव जिल्हा करण्याचे वचन दिले होते, दुसरे कसलेच वचन त्याने दिले नव्हते. ते खरे झाले तर लातूरला जायला माणूस उरणार नव्हता. अप्पांना हे माहीत होते. नवा प्रवासी बसला की तेच त्याला सांगत: "ह्या बारीला बसा. पुढं आपली गरज पडणार न्हाई."

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. निवडणुकीच्या आधी संपादकांचा फोन आला. लोक स्वतःच्या पोटावर पाय देऊन मत का देतात, यावर त्यांना मजकूर हवा होता. पुढाऱ्यांशी बोलू नका, एक माणूस शोधा, असे त्यांनी बजावले. शोधावे लागले नाही. बातमीसाठी लातूरला मी त्या माणसाच्याच जीपने जात होतो.

अप्पा साठीच्या अलीकडचे, रुंद अंगाचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात खाकी शर्ट. बोलण्यात एक वाक्य कायम: "आपलं बाद में." निजामाच्या राज्यातून आमच्या भाषेत जे शब्द मागे राहिले, त्यांतले हे दोन त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतले होते. हॉटेलात चहा आला की पहिला कप दुसऱ्याला. अरुंद पुलावर समोरून ट्रक आला की जीप कडेला, मग त्याच्यामागचा टेम्पो, त्याच्यामागची बैलगाडीसुद्धा. आतले प्रवासी ओरडत. कलेक्टर कचेरीत वेळेवर पोहोचायचे असे. अप्पा म्हणत, "जाऊ द्या त्याला. आपलं बाद में."

त्यांचे लग्न झालेले नव्हते. कारण विचारले तर उत्तर तेच. आधी दोघा धाकट्या भावांचे होऊ दे, आपलं बाद में. त्या भावांची नातवंडे आता शाळेत जात होती.

काळी-पिवळीत माणसे किती बसतात हे परवान्यावर लिहिलेले असते आणि ते कुणी वाचत नाही. ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक प्रवासी असतो, त्यामुळे ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबत गाडी चालवतो. अप्पाही तसेच चालवत. पण अधूनमधून एखाद्या सकाळी त्यांच्या जीपमधली पुढची, खिडकीजवळची जागा रिकामी दिसे. तिथे दोन माणसे सहज मावली असती. बसायला गेलेल्याला अप्पा हाताने मागे सारत. मग गावाबाहेरच्या वस्तीजवळ जीप थांबे. अप्पा खाली उतरत, सीटखालून एक लाकडी पाट काढत, तो पायरीसारखा जमिनीवर ठेवत आणि सरूबाई त्यावर पाय देऊन वर चढत. त्यांची तारीख असली की ही जागा त्यांची.

सरूबाई बौद्ध वस्तीतल्या. नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. दोघांनी मिळून दगड वेचून गायरानाचा एक तुकडा पेरता केला होता. जमीन कसत होत्या सरूबाई, सातबारा सरकारचा. तो नावावर व्हावा म्हणून फाइल कलेक्टर कचेरीत होती आणि फाइल होती म्हणून तारखा होत्या. दुष्काळ पडला. शेजारच्या बांधापर्यंत अनुदान आले आणि बांधावर थांबले, कारण सरूबाईंकडे कागद नव्हता. गुडघे पार गेले होते, तरी तारीख चुकली नाही. "फाइल झोपली तर झोपू द्या," त्या म्हणत. "म्या जागी हाय."

पहिल्यांदा त्या पुढे बसल्या तेव्हा अप्पांच्याच समाजाचा एक दुकानदार मागून कुरकुरला होता. पुढची सीट कुणाला द्यावी याला काही रीत असते, अशा अर्थाचे तो बोलला. अप्पांनी आरशात बघून त्याला उत्तर दिले: "ज्याची तारीख लांबची, त्याची सीट जवळची." दुकानदार पुढच्या खेपेला दुसऱ्या जीपने गेला.

लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात काळी-पिवळीचा धंदा जोरात होता. गावेच्या गावे टँकर मागायला कलेक्टरकडे निघाली होती. बाया रिकाम्या घागरी घेऊन मोर्चाला जात. घागरी टपावर बांधायच्या आणि वाटभर त्यांचा खडखडाट ऐकायचा. बाकीच्या जीपवाल्यांनी घागरीला वेगळे भाडे लावले. अप्पांनी लावले नाही. "रिकामी जाती, रिकामीच येती," ते म्हणाले, "तिला कसलं भाडं?"

निवडणूक जाहीर झाली आणि दुसरा उमेदवार जीपच्या स्टँडवर आला. हिशेबी माणूस. त्याने ड्रायव्हरांना सावलीसाठी पत्र्याचे शेड देऊ केले आणि शांतपणे समजावले की जिल्हा झाला तर तुमच्या गाड्या भंगारात जातील. सगळ्यांनी माना हलवल्या. अप्पांनीही हलवली.

"जातील की," ते म्हणाले.

उमेदवार गेल्यावर खाजाभाईंनी अप्पांना गाठले. खाजाभाई हे स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, अप्पांचे दोस्त. "अप्पा, तुमच्या पोटावर तुमी लाथ मारा," ते म्हणाले. "आमच्या पोटावर कामून? मला तीन लेकरं हायती. माझं बाद में चालत न्हाई."

 अप्पा जीपची काच पुसत राहिले. काच स्वच्छ होती.

संपादकांना मजकूर हवा होता, म्हणून मी अप्पांना कारण विचारले. ते म्हणाले, नवा जिल्हा म्हणजे गाडीला नवा नंबर. लातूरचा नंबर लावून किती दिवस फिरायचं, आपल्या गावाला इज्जत हाय का न्हाई? मी ते टिपून घेतले. आठवड्याने पुन्हा विचारले तर कारण बदलले होते. जिल्ह्याचे वचन देणारा उमेदवार त्यांच्या थोरल्या चुलत्याच्या मातीला आला होता. आमच्याकडे हे कारण चालते. मयताला खांदा द्यायला कोण आले, हे जाहीरनाम्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहते. मी चौकशी केली. मातीला दोन्ही उमेदवार आले होते आणि हार दुसऱ्याने आणला होता. हे अप्पांना सांगितले.

"हाव," अप्पा म्हणाले. "पण ह्यो बसला होता. त्यो हुभा होता."

तिसऱ्यांदा विचारले तेव्हा म्हणाले, लातूरला चहा चांगला मिळत नाही.

मतदानाच्या थोडे आधी सरूबाईंची तारीख होती. मला कलेक्टर कचेरीत काम होते, म्हणून त्या दिवशी मीही त्याच जीपमध्ये, अप्पा आणि सरूबाईंच्या मधे. जाताना जीप बाजारासारखी बोलत होती. कुणाचे रेशन कार्ड, कुणाचे अपंगाचे सर्टिफिकेट, कुणाच्या विहिरीचे बिल. आज काम होणार, असे प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता. अप्पा दिवसभर कचेरीबाहेरच्या लिंबाखाली थांबले. संध्याकाळी सगळे परत आले आणि आपापल्या जागी बसले. कुणी काही बोलले नाही. जीप शहराबाहेर पडली, टोल गेला, तरी कुणी बोलले नाही. मागे एक जण पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा नीट लावत होता.

बोलत होत्या त्या सरूबाई. साहेब आज व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, बसले होते म्हणे. "दार लावून टीव्हीतल्या साहेबाला हाव साहेब, हाव साहेब करून राहिले होते. म्या दाराच्या फटीतून बघितलं. आपल्या साहेबालाबी साहेब हाय, हे बघून लई बरं वाटलं." मागच्या सीटवर कुणीतरी हसले. मग त्यांनी शेळीचे सांगितले, सुनेचे सांगितले, नवऱ्याला पोहता येत नव्हते तरी तो विहिरीत कसा उतरला आणि बादलीत बसून कसा वर आला, ते सांगितले. अप्पांनी ही गोष्ट आधी ऐकली असावी, कारण बादली येण्याच्या आधीच ते हसू लागले. पुलावर समोरून ट्रक आला. अप्पांनी जीप कडेला घेतली आणि ट्रक गेल्यावरही ती काही वेळ तिथेच ठेवली. गोष्ट संपली तेव्हा गिअर टाकला.

वस्तीजवळ अप्पांनी पाट ठेवून सरूबाईंना उतरवून घेतले. त्या काठी टेकत, एका पायावर भार देत गल्लीत शिरल्या. बाकीचे प्रवासी स्टँडवर उतरले. मी बसून राहिलो. मग अप्पा स्वतःहून बोलले.

"पेपरवाले, जातानी समदे बोलतेत. येतानी बघितलं ना? येतानी कोणी बोलत न्हाई. इतक्या वर्सांत ही एकटी बाई बोलली. तिच्या गुडघ्यानं अजून किती तारखा करायच्या?"

मी विचारले, गावातच जिल्हा झाला तर सरूबाई तुमच्या जीपमध्ये कशाला बसतील?

अप्पांनी पाट उचलला, झटकला आणि सीटखाली नीट सरकवला.

"आपलं बाद में," ते म्हणाले.

मतदानादिवशी दुपारी मी पुन्हा कन्या शाळेवर गेलो. सरूबाई मत देऊन ओट्यावर बसल्या होत्या, गुडघे चोळत. त्यांनी कुणाला मत दिले ते मी विचारले नव्हते, त्यांनीच सांगितले. त्यांनी दुसऱ्याला दिले होते, शेडवाल्याला. मी म्हणालो, जिल्हा इथे झाला असता तर तुमची तारीख चालत जाण्याइतक्या अंतरावर आली असती.

"आली आसती की," त्या म्हणाल्या. "पण त्या माणसानं काय खावं? मागंपुढं कोणी न्हाई त्याला. एक जीप हाय. माझे गुडघे काय, घरी बसले तरी दुखतेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अप्पाला सांगू नका. लई मेहनतीनं पेंट करून घेतलंय त्यानं."

संध्याकाळी मी संपादकांना फोन केला. दोन माणसांनी आपापल्या पोटावर पाय देऊन मत दिले आणि ती दोन मते एकमेकांना कापून गेली, असे सांगितले. यात बातमी काय, असे त्यांनी विचारले. छापून आले ते गाडीच्या नंबराचे कारण.

अप्पांचा उमेदवार निवडून आला. जिल्हा झाला नाही. पुढच्या निवडणुकीच्या आधी गावाच्या कडेच्या जुन्या विश्रामगृहाला रंग लागला आणि त्यावर अपर जिल्हाधिकारी कार्यालय असा बोर्ड आला. गायरानाच्या सुनावण्या तिथे होऊ लागल्या. रेशन कार्डाची, टँकरची कामेही तिथेच येऊ लागली. लातूरच्या फेऱ्या कमी झाल्या. खाजाभाईंनी जीप विकली आणि ते खडी वाहणाऱ्या टिप्परवर ड्रायव्हर म्हणून लागले. काही महिने ते अप्पांशी बोलले नाहीत. आता टिप्पर थांबवून चहा घेतात आणि पहिला कप स्वतः उचलतात. स्टँडवर उरलेल्या ड्रायव्हरांनी अप्पांचा नंबर सगळ्यात शेवटी टाकला. अप्पांनी त्यावर हरकत घेतली नाही. बहुतेक दिवशी त्यांचा नंबर लागेपर्यंत प्रवासी संपलेले असतात.

जीपच्या मागच्या पत्र्यावरची अक्षरे त्यांनी पुसलेली नाहीत. गाडीचा नंबर लातूरचाच आहे.

सरूबाईंच्या फाइलचा निकाल लागलेला नाही. तारखा चालू आहेत. त्यांची तारीख असते त्या दिवशी अप्पा स्टँडवर नंबर लावत नाहीत. जीप नव्या कचेरीसमोर उभी असते, पुढची सीट पुसलेली, पाट दाराखाली ठेवलेला. विश्रामगृहाच्या मागच्या फाटकातून सरूबाईंचे घर हाकेच्या अंतरावर आहे. जीप पुढच्या फाटकातून निघते. मोंढा, बसस्थानक, तळ्याचा बांध असा वळसा घेऊन ती अर्ध्या तासाने वस्तीत पोहोचते. वाटेत सरूबाई बोलत असतात.