झेंड्याखालच्या मधमाश्या

आमचा प्रकल्प बंद झाला. आता हे वाक्य विसरा. असं काही घडलंच नाही असं समजून वाचा, कारण मीही तसंच समजून रोज कामावर जातोय.

प्रकल्प साधा होता. स्लोव्हेनियातल्या मधमाश्या हिवाळ्यात का मरतात ते शोधायचं. अर्ध्या पेट्यांना एक खाऊ, अर्ध्यांना दुसरा, आणि कोण टिकतं ते बघायचं. पैसा युरोपचा, जागा मधमाश्या पाळणाऱ्या लोव्रोकाकांच्या परसातली, डोकं डॉक्टर तोन्चकाबाईंचं आणि धावपळ माझी. तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली तर मी संशोधक. नाही मिळाली तर मेव्हण्याच्या दुकानात टायर बदलणारा.

मुदतवाढ ठरवायला वरून इंगेबोर्गबाई येणार होत्या. मी छाती ठोकून सांगितलं, नियमांचं माझ्यावर सोडा!

नियम असा, की युरोपच्या पैशावर चालणाऱ्या कामातल्या प्रत्येक वस्तूवर युरोपचं बोधचिन्ह ठळक दिसलं पाहिजे. इतर कुठलंही चित्र त्याहून ठळक नको. आता आमच्या पेट्या एका लाकडी घरात खणांसारख्या रचलेल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडावर काकांच्या आजोबांनी रंगवलेली वेगळी फळी. एकीवर शिकाऱ्याची दाढी करणारा कोल्हा, दुसरीवर बायकोच्या जिभेला धार लावणारा सैतान. मी बोधचिन्हाची चिकटपट्टी लावून पाहिली. कोल्ह्यापुढे युरोप अगदीच किरकोळ दिसायला लागला.

म्हणून मी सगळ्या फळ्या काढल्या आणि त्या जागी नव्या, निळ्याशार, बारा पिवळ्या ताऱ्यांच्या फळ्या बसवल्या. अगदी एकसारख्या.

मधमाशी आपलं घर त्या फळीवरून ओळखते, हे आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण बालवाडीत निधी मिळत नाही.

लिंडनच्या झाडांना बहर आला होता. सकाळी माश्या गेल्या आणि परत येऊन हवेतच थबकल्या, नव्या वसाहतीत पत्ता विसरलेल्या पाहुण्यांसारख्या. मग दिसेल त्या दारात शिरल्या. मध घेऊन आलेल्या पाहुणीला कोण हाकलतं? तासाभरात दोन्ही खाऊ खाणाऱ्या एकत्र नांदायला लागल्या.

तोन्चकाबाई शांतपणे म्हणाल्या, "गाश्पर, कुठल्या पेटीत कोण आहे?"

"बाई, सगळ्या युरोपीय आहेत."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तेवढ्यात इंगेबोर्गबाईंची गाडी आली. बाई उतरल्या त्या निळं जाकीट घालून. पाठीवर बारा तारे. बेघर उरलेल्या माश्यांना तेही पेटीचं दारच वाटलं आणि त्या पाठीवर शिस्तीत उतरायला लागल्या.

"हलू नका बाई," लोव्रोकाका म्हणाले. "काही करत नाहीत. घरी आल्यात."

बाई हलल्या नाहीत. हाडाच्या अधिकारी. ओठ न हलवता त्यांनी मला विचारलं, "पाठीवरचं बोधचिन्ह दिसतंय का?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही. मधमाश्यांनी झाकलंय."

बाईंनी तसंच उभ्या उभ्या ते टिपून घेतलं. अहवालात एकच आक्षेप आला: बोधचिन्ह झाकलेले आढळले. माश्यांची सरमिसळ, बिघडलेला प्रयोग, त्याबद्दल अक्षर नाही. फळ्यांबद्दल तर चक्क शाबासकी! मुदतवाढ मात्र त्या एका आक्षेपावर नाकारली.

काका म्हणाले, टायरचं दुकान वाईट नसतं, तिथे काही चावत नाही. मी पेचकस उचलला. जुन्या फळ्या परत बसवल्या, कोल्हा वस्तरा घेऊन जागेवर आला, माश्या मुकाट आपापल्या घरी वळल्या आणि मी वर अर्ज धाडला. माफी मागितलेली नाही. अर्ज असा:

"महोदय, मधमाश्यांसाठी फळ्या बदलणे शक्य नाही. सबब युरोपने आपला झेंडा बदलावा. प्रत्येक पेटीस स्वतंत्र झेंडा मंजूर व्हावा, आणि त्यांपैकी किमान एकावर ताऱ्यांच्या मधोमध दाढी करणारा कोल्हा असावा, ही विनंती. उत्तर येईपर्यंत अर्जदार कामावर हजर राहील."