मतमोजणीच्या दुपारचा डबा

मतमोजणीच्या दिवशी दुपारी गुंडूअण्णा जेवणाचा डबा घेऊन ज्याच्या घरी जात, तो उमेदवार पडे. साठच्या दशकापासून आमच्या वॉर्डात हे असंच चाललं होतं.

अण्णांचं राजारामपुरीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी एका दैनिकासाठी वॉर्डाच्या बातम्या देत असे. बातमीदार म्हणून माझ्या पहिल्या निवडणुकीत डॉक्टर पडले. काही मतपेट्या अजून उघडायच्या होत्या, तेव्हाच अण्णा त्यांच्या सोप्यात डबा उघडून बसले होते. पुढच्या खेपेला तालमीचे वस्ताद पडले. त्यांच्यासाठी डब्यात तांबडा रस्सा होता. "डाक्टर माळकरी, वस्ताद न्हाय. बघून न्यावं लागतंय," अण्णा म्हणाले.

"पण आधी कळतं कसं?" मी विचारलं.

"दारातल्या चपला बघायच्या. माणसं 'आलोच' म्हणत्यात, पर चपला घालून म्हणत्यात."

वॉर्डाचं मत वेगळं होतं. अण्णांचा पायगुणच वाईट, असं सगळे मानत. निवडणूक आली की उमेदवार त्यांना पाहून गल्ली बदलत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सर्जेराव उभा राहिला. त्याचे वडील, आबा, अंथरुणाला खिळले होते. "एकदा दारात गुलाल बघू दे," एवढंच त्यांचं मागणं. त्यामुळे मतमोजणीच्या दिवशी सर्जेरावानं दारात दोन पैलवान उभे केले, ते फक्त अण्णांसाठी.

दुपारी सायकलच्या हँडलला डबा अडकवून अण्णा आले. मी बातमीसाठी तिथंच होतो. अंगणात चपलांचे चारच जोड उरले होते.

"अण्णा, मागं फिरा. उंबरा वलांडला तर तंगडी मोडीन," एक पैलवान म्हणाला.

"मोड की. सायकल तेवढी सावलीत लाव," म्हणत अण्णा समोरच्या भिंतीला टेकून उन्हात उभे राहिले. आतून आबा पुन्हा पुन्हा विचारत होते, "आला का रं निकाल?"

मोजणीच्या ठिकाणाहून मोटरसायकल आली. बसलेल्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. थोड्याच वेळात अंगण रिकामं झालं. पैलवानही गेले.

अण्णा डबा घेऊन आत शिरले. सर्जेरावानं त्यांची गचांडी धरली. "तुमच्या पायगुणानं घालवलं माझं!" त्याची मूठ वर गेली. मी पुढे झालो. अण्णांनी मला हातानंच थांबवलं आणि आबांच्या खाटेकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "व्हय आबा, माझंच पाऊल वंगाळ. पोरगं वाघागत लढलं."

आबा म्हणाले, "सर्जा, सोड त्येला. सकाळपास्नं उपाशी हायस. जेव."

सर्जेरावाची मूठ सुटली. तो डबा उघडून जेवायला बसला तेव्हा आम्ही बाहेर आलो.

"चपलांचं त्याला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्याचीच माणसं पळाली, हे म्हाताऱ्याच्या म्होरं सांगू व्हय? माझ्यावर राग काढंल, त्ये बरं."

"हे डब्याचं सुरू कधी झालं?"

"वॉर्डाच्या पयल्या इलेक्शनीला. तवा मीच उभा हुतो." अण्णा सायकलचं स्टँड काढत म्हणाले. "पडलो. बायको म्हणली, दार लावू नगा, कोण तरी ईल. सांजंपातूर दार सताड उघडं."

"आलं कोणी?"

"आलतं की. गल्लीतलं कुत्रं."

एवढं बोलून ते सायकलवर बसले.