गुरुदत्तांचे दोन रात्रींचे नातेवाईक

डोकं असलं की नियम आडवा येत नाही, असं गुरुदत्त नेहमी म्हणायचे. आणि नियम स्वतःच केलेला असेल तर तो आपल्याला ओळखतो, असं ते मनातल्या मनात म्हणायचे.

वर्तकनगरातल्या त्यांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. गेल्या वर्षी पालिकेने फर्मान काढलं, की राहत्या इमारतीतलं घर दिवसाच्या भाड्याने द्यायचं असेल तर आधी सोसायटीची संमती आणा, नाहीतर घराला सील. तळमजल्यावरच्या महेंद्रने लगेच संमती मागितली. त्याच्या आईच्या माघारी तिची खोली रिकामी पडली होती. त्यावर गुरुदत्तांनी सभेत असं काही भाषण ठोकलं, की कधी नव्हे ते मागच्या रांगेतले लोकही जागे झाले. "ही घरं आहेत, लॉज नव्हे. आज पाहुणे येतील, उद्या बाटल्या येतील." ठराव एकमताने पास झाला : महिन्यापेक्षा कमी मुक्कामाला फक्त नातेवाईक. महेंद्र खाली बसला आणि सभा संपल्यावर नेहमीसारखे सगळ्यांचे चहाचे कप गोळा करायला लागला.

यंदा गुरुदत्तांच्या मुलाचा, अनिमेषचा, बंगळुरूहून फोन आला. "बाबा, तुम्हाला पेन्शन नाही, मेन्टेनन्स वाढतोय, आता लिफ्टचं काम निघालंय. दिवाळीपर्यंत फ्लॅट विकू आणि तुम्ही दोघं इकडे या." मुलगा प्रेमाने बोलत होता, तेच अवघड होतं. बंगळुरूला सून चांगली, हवा चांगली, पण गुरुदत्तांना कोण विचारणार होतं? इथे निदान पाण्याची टाकी भरली नाही तर लोक त्यांना शिव्या तरी घालत. हे घर गेलं तर आपण संपलो, असं त्यांना खरंच वाटत होतं. घर टिकवायचं तर ते कमावतं व्हायला हवं होतं.

"दिवसाच्या भाड्याने देऊ," ते बायकोला म्हणाले. "वागळे इस्टेटला परगावची किती माणसं कामाला येतात. ती इथे राहतील. तेवढे दिवस आपण मानपाड्याला तुझ्या बहिणीकडे."

"आणि तुमचा तो ठराव?" सुमतीने विचारलं.

"ठरावात काय म्हटलंय? नातेवाईक. मग येतील ते नातेवाईक."

सुमतीने कपाळाला हात लावला नाही, कारण हात कणकेत होते.

ॲपवर घराचे फोटो चढले आणि पाहुणे यायला लागले. प्रत्येकाला आधीच सूचना जायची : गेटवर विचारलं तर अमुक नातं सांगायचं, बाकी काही बोलायचं नाही. नागपूरचा इंजिनियर भाचा झाला. दोन ऑडिटर बायका मावसबहिणी झाल्या. कोचीनच्या एका वयस्कर गृहस्थांना मराठीचा गंध नव्हता, पण त्यांनी गेटवर इतक्या कळवळून 'आतेभाऊ' म्हटलं, की वॉचमन नाथाने त्यांची बॅग स्वतः वर नेऊन दिली. गुरुदत्तांच्या लग्नालासुद्धा एवढे नातेवाईक आले नव्हते.

आता हेच सोसायटीच्या नजरेने बघा. परगावची माणसं येतात. छोटी बॅग, दोन रात्री मुक्काम, कोणाशी बोलणं नाही, आणि संध्याकाळी परततात ती तोंड उतरवून. ते ऑडिटमुळे उतरलेलं असायचं, पण हे कोणाला कसं कळावं? त्यात गुरुदत्त स्वतः कुठे दिसेनात. अधूनमधून दिसलेच तर निम्मे झालेले. मानपाड्याच्या साडूंना रक्तदाब, त्यामुळे त्या घरात सगळं अळणी आणि बिनतेलाचं. गुरुदत्तांची पँट आता केवळ पट्ट्याच्या भरवशावर होती.

आपल्याकडे एखाद्या घरी लांबलांबचे नातेवाईक असे ओळीने, दोन-दोन दिवसांसाठी कधी येतात? समोरच्या सगुणाबाई जिन्यात एवढंच म्हणाल्या, "भेटून जातायत गं सगळे." पुढचं कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं.

गुरुदत्तांना मात्र पहिली कुणकुण लागली ती ॲपवर. एका मावसबहिणीने लिहिलं होतं : 'घर स्वच्छ. पण सकाळी एक आजी पेज घेऊन आल्या आणि माझा हात धरून रडल्या. एक तारा.'

काय प्रकार आहे ते बघायला ते मानपाड्याहून तडक घरी आले. गेटवर नाथा खुर्ची घेऊन धावला. महेंद्रची बायको माया जिन्यापाशी उभी होती. तिने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"काका, हॉस्पिटलातून चालत आलात? फोन करायचा ना. लिफ्टपण बंद आहे."

"अगं, मला काय झालंय?"

माया डोळे पुसत म्हणाली, "तुमच्यासारखी हिंमत पाहिजे."

वर दार उघडंच होतं. आत त्या दिवशीचा भाचा सोफ्यावर बसला होता आणि सगुणाबाई त्याला आग्रहाने पेज वाढत होत्या. गुरुदत्त काही विचारणार, एवढ्यात मागून पालिकेच्या एक बाई जिना चढून आल्या. त्यांच्याबरोबर महेंद्र होता.

"इथे दर दोन दिवसांनी नवी माणसं राहतात, अशी तक्रार आलीय," बाई म्हणाल्या. सोफ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"भाचा," तो पाठ केल्यासारखं म्हणाला.

"आणि हे?" बाईंनी गुरुदत्तांकडे बोट केलं.

भाच्याने मामाला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. तो गोंधळून नुसताच बघत राहिला. संपलं, असं गुरुदत्तांना वाटलं.

"मॅडम, त्याला काय विचारता?" महेंद्र मध्ये पडला. "मामाची ही अवस्था बघून पोराला बोलवतंय तरी का? लांबून लांबून माणसं शेवटची भेटायला येतायत यांना. आणि तुम्ही भाडेकरू शोधताय?"

शेवटची! पेज, खुर्ची, मायाचे डोळे, सगळं गुरुदत्तांच्या डोक्यात एकदम जुळलं. मी ठणठणीत आहे, म्हणावं, तर मग गेले दोन महिने येणारे हे नातेवाईक कोण, ते सांगावं लागणार. घराला सील, आणि घर गेलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

गुरुदत्त खोकले.

खोकला चांगला जमला. बाईंनी हात जोडले, "काळजी घ्या हं काका," म्हणाल्या आणि गेल्या. महेंद्रने गुरुदत्तांना दंडाला धरून पलंगावर निजवलं. भाच्याने घाबरून त्याच दुपारी हॉटेल गाठलं.

इथून पुढे जे झालं त्याला आजारपण म्हणतात, फक्त त्यात आजार नव्हता. पुढची सगळी बुकिंगं गुरुदत्तांना रद्द करावी लागली, कारण रोग्याच्या उशाला शेजारी आळीपाळीने बसत होते. मानपाड्याचं अळणी गेलं आणि घरची पेज आली. खाली गाडीवर वडे तळल्याचा वास यायचा तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. सगुणाबाई ते पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "मन घट्ट करा." सगळ्यांत जास्त यायचा तो महेंद्र. कामावरून आला की आधी वर यायचा, पाय चेपायचा. गुरुदत्त भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्याच्याकडे बघायची त्यांना लाज वाटायची, आणि ती मात्र खरी होती.

"खरं सांगून टाका," सुमती म्हणाली.

"आणि सील?"

"मग निदान कण्हू तरी नका. मला झोप लागत नाही."

शेवटी महेंद्रने तातडीची सभा बोलावली. काहीही होवो, आज सगळ्यांसमोर कबूल करायचं, असं गुरुदत्तांनी ठरवलं. लिफ्ट बंदच होती, त्यामुळे महेंद्र आणि नाथाने त्यांना खुर्चीसकट तीन जिने उतरवून खाली आणलं. खुर्चीतून उतरत उतरत खरं बोलायचं धैर्य कोणाला होतं? तरी ते टिकवून होते.

महेंद्र बोलायला उभा राहिला. "मी अनिमेषला फोन केलेला. तो रडायलाच लागला. म्हणाला, घर विकायचा विषय मी कायमचा बंद करतो, बाबांच्या आठवणी आहेत तिथे. पण मग काकूंचं पुढे कसं व्हायचं? माझा एक ठराव आहे. काकांच्या पश्चात हे घर दिवसाच्या भाड्याने द्यायला काकूंना सोसायटीची संमती असावी. नियम काकांनी केलेला, मग पहिली सूट त्यांच्याच घराला मिळू दे."

सगळे हात वर गेले. सगुणाबाईंनी दोन्ही वर केले.

घर राहिलं होतं. संमती मिळाली होती. जे जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि आड येत होते ते एकटे गुरुदत्त. त्यांचा जीव तळमळला. ते उठले आणि बोलण्याआधी त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यावर चार जण पाणी आणायला धावले. महेंद्रने त्यांना अलगद खाली बसवलं आणि म्हणाला, "काही बोलू नका काका. आम्हाला समजतं."

खुर्ची पुन्हा तीन जिने वर आली. माणसं गेल्यावर सुमतीने दार लावलं. मग ताटात पेज वाढून तिने ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"माणसं चांगली आहेत हो. ठरावही चांगला झाला," ती म्हणाली. "फक्त कधीपासून, ते काही कळलं नाही."