मेस्त्रीकाकांचा गोलातला सी

मेस्त्रीकाकांच्या स्टीलच्या डब्यावर मार्करने काढलेला गोलातला सी आहे, कॉपीराइटचा. शेजारी त्यांचं पूर्ण नाव. आत रोज स्वतः केलेले घावणे असतात. घरी दुसरं कुणी नाही. ते घावणे ते कुणालाच देत नाहीत.

मुलुंडच्या आमच्या छोट्या संस्थेत उपनगरांचे जुने फोटो जमवतात. मी ते स्कॅन करून साफ करते आणि काका त्यांवरून टॅबलेटवर चित्रं काढतात. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. टॅबलेट हातात आला त्याला सहाच महिने झालेत. मी चार वर्षं कॉलेजात हेच शिकले. तरी येणारा प्रत्येक जण त्यांच्याच टेबलाशी थांबतो. "काका, झकास!" माझ्या टेबलाशी येतात ते चार्जर मागायला.

कुठलंही चित्र दिसलं की काकांचा एकच प्रश्न: "नाव खंय गो?" म्हणजे काढणाऱ्याचं नाव कुठंय. बाजाराच्या एका जुन्या फोटोवरून चित्र करायचं ठरलं, तेव्हा तो काढणाऱ्याचा पत्ता शोधत ते चेंबूरला पोचले. फोटोग्राफर कधीच वारले होते.

"मग परवानगी?" संस्था चालवणाऱ्या सरांनी विचारलं.

"मुलाची सही आणलीय. भिंतीवरच्या हारवाल्या फोटोलापण विचारलं. काय बोलले नाय, म्हणजे चालतंय."

स्वतःचं नाव मात्र ते चित्राच्या मधोमध टाकतात, लोकांच्या नाकांवरून.

"कोपऱ्यात टाका ना, काका," मी एकदा हळूच म्हटलं.

"कोपऱ्यातलं पुसतात गो. पाटीखाली बारीक नाव टाकायचो, तर शेठ समोर उभा राहून पुसायला लावायचा. माझ्याच हाताने."

बाजाराचं चित्र संस्थेच्या प्रदर्शनाच्या दारातच लागणार होतं. त्या फोटोवरची बुरशी मी अकरा दिवस साफ केली होती. माझं नाव कुठेच नव्हतं, आणि मागायला तोंड उघडत नव्हतं. त्यात सर म्हणाले, "ऋचा, मधलं ते नाव काढ. चित्राची वाट लागते. काकांना मी नंतर सांगतो."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुपारी काका पाण्याची बाटली भरायला खाली गेल्याबरोबर मी फाइल उघडली आणि त्यांच्या नावाचा थर, म्हणजे लेयर, बंद केला.

नावाखाली एक दुकान होतं. मूळ फोटोत त्याची पाटी बुरशीने खाल्लेली, म्हणून मी ती कोरीच सोडली होती. काकांनी ती रंगवली होती. पिवळ्यावर लाल, सावली दिलेली वळणदार अक्षरं: 'कु. ऋचा. जुने फोटो साफ करून मिळतील.' आपल्याच नावाने ती पाटी झाकली गेलीय, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

माझं नाव इतकं सुंदर मी कधी पाहिलं नव्हतं.

मी थर पुन्हा चालू केला. काकांचं नाव जरा खाली, मोकळ्या रस्त्यावर सरकवलं. तेवढ्याच आकाराचं.

"अजून आहेच का ते?" सर मागे उभे होते.

"राहील ते, सर." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

काका वर आले. वाकून त्यांनी स्क्रीनवरचं स्वतःचं नाव वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मग डबा उघडून माझ्याकडे सरकवला.

"घे गो. अर्धे तुझे."