विठा घाटातला सोळावा सोमवार

चांगुणाने नव्या गाडीची पूजा जरा जास्तच मनोभावे केली, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

गाडी आदल्याच दिवशी नगरहून राजूरला आली होती. भलीमोठी पिकअप, मागे दुधाचे कॅन लावायला ऐसपैस हौदा, पुढे सीटच्या दोन ओळी, आणि मुख्य म्हणजे ऑटोमॅटिक. शोरूममधला पोरगा कुठलं बटण कशासाठी ते सांगत होता, तेव्हा रंगनाथ बॉनेटवरचा हार नीट करून फोटोसाठी उभा होता. त्यामुळे क्लच नाही, एवढीच एक गोष्ट त्याला पक्की कळली होती. क्लच नाही तर डाव्या पायाला काम नाही, म्हणून तो पाय त्याने सीटवर मांडी घालून ठेवायला सुरुवात केली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा गाडी चालवत नाही, सत्यनारायणाला बसलाय.

सकाळी लिंबं चिरडायला त्याने गाडी चालू केली आणि तो नारळ आणायला आत गेला. चांगुणाने चाकांना हळदकुंकू वाहिलं, स्टिअरिंगला वाहिलं. मग तिला डॅशबोर्डवरची बटणं दिसली. एवढ्या सगळ्यांना मिळालं, मग या बिचाऱ्यांनीच काय केलं, असं वाटून तिने एकेकाला बोट टेकवलं. त्यातलं एक टक्‌कन आत गेलं आणि त्यावर पिवळा दिवा लागला. बटणावर उताराला लागलेल्या गाडीचं चित्र होतं. पुन्हा दाबावं, तर आणखी काय पेटेल कोण जाणे. त्यापेक्षा नवऱ्यालाच सांगावं, असं तिने ठरवलं.

पण सांगणार कशी? सोमवार होता.

संघाच्या दुधाची राजूर ते अकोले वाहतूक रंगनाथला मिळावी, म्हणून चांगुणाने सोळा सोमवार मौन धरलं होतं. उठल्यापासून अकोल्यातल्या सिद्धेश्वराला बेल वाहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. शेजारच्या गोजरबाईंनी नियम बजावून सांगितले होते. "मान हलवलेली चालती. पर लिहून दावायचं न्हाई. ते बोटानं बोलनं झालं." आज सोळावा सोमवार होता, आणि नेमक्या आजच संघाची वाहतूक बघणारे सुनीलराव गाडीची परीक्षा घ्यायला आले होते. भरलेल्या कॅनसकट गाडी विठा घाट धड उतरली तर ठेका रंगनाथचा, नाहीतर दुसऱ्याचा.

सुनीलराव पुढे बसले. चांगुणा बेलाची पिशवी घेऊन मागे बसली.

"वहिनी आज गप गप?" सुनीलरावांनी विचारलं.

"सोमवारचं मौन हाय तिचं," रंगनाथ म्हणाला. "आठवड्यातनं एक दिस आमच्या घरात बी शांतता."

चांगुणाने त्याच्या मानेकडे असं पाहिलं, की बेल वाहून झाल्यावर त्याला पुरेल.

घाटाच्या तोंडापर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. पहिला उतार लागला, रंगनाथने ब्रेकवर पाय टेकवला मात्र, आणि गाडीने आपल्या मनाने गिअर खाली घेतला. इंजिन असं गुरगुरलं, की सुनीलरावांनी दाराची कडी धरली.

"रंगनाथ, काय झालं?"

"काय न्हाई. नवी हाय, लाजती जरा."

दुसऱ्या वळणावर ती जास्तच लाजली. काटा वर चढला, डरकाळी घाटभर घुमली आणि रस्त्याकडेची दोन करडं आईला टाकून पळाली.

"आरं बघ की," सुनीलराव म्हणाले. "हितं तुझा पाय ब्रेकवर, आन आवाज चढावरचा. गिअरबॉक्स गेला समज."

"कालच तर घेतली, साहेब."

"मंग कालच गेला."

हे सगळं त्या पिवळ्या दिव्याचं काम, याबद्दल चांगुणाला शंका उरली नाही. बोलावं, तर सोळावा सोमवार मोडतो आणि ठेका जातो. न बोलावं, तरी ठेका जातोच. तिने दोन सीटच्या मधून हात घालून डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तिथे बटणाच्या वरच छोटा गणपती बसवला होता.

"खरं हाय," रंगनाथ म्हणाला आणि त्याने एका हाताने गणपतीला नमस्कार केला. सुनीलरावांनी दोन्ही हातांनी केला.

तिने जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा बोट केलं.

"वहिनी म्हनत्यात, मनापासून करा," सुनीलराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून पुन्हा नमस्कार केला.

शेवटी तिने सरळ बटणाकडेच हात नेला, तर रंगनाथने तो अर्ध्यात धरला. "अगं, कशाला हात लावू नको. आधीच तिचं डोकं फिरलंय."

घाटाच्या मध्यावर रस्ता जरा सपाट होतो, तिथे सुनीलरावांनी गाडी थांबवायला लावली. दोघे उतरले. रंगनाथने बॉनेट उघडलं आणि आत असं पाहिलं, जसं लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांकडे बघतात.

"कळतंय का काय?" सुनीलरावांनी विचारलं.

"समदं जागच्या जागी दिसतंय."

"जागा म्हाईत हाय का तुला?"

रंगनाथने बॉनेट लावून टाकलं. सुनीलरावांनी मागे जाऊन एका कॅनचं झाकण उघडलं, आत डोकावले आणि परत आले. "हे बघ, संघाला दूध पायजे, लोनी न्हाई. मी दुसऱ्या गाडीला फोन लावतो."

हीच वेळ होती. चांगुणाने मनात सिद्धेश्वराचं नाव घेतलं, पुढे वाकली आणि बटण दाबलं. पिवळा दिवा विझला. बाहेर सुनीलरावांच्या फोनला रेंज मिळेना, ही तिला देवाचीच कृपा वाटली. रेंज नाही म्हटल्यावर दोघे नाइलाजाने पुन्हा गाडीत बसले.

आणि काय सांगावं, गाडी एकदम गप्प झाली. ना गुरगुर, ना डरकाळी. पाण्यावरून पान जावं तशी उतरू लागली.

"बघा," रंगनाथ फुलून म्हणाला. "जरा हवा लागली, झाली बरी."

"ह्याला म्हनायचं गाडी," सुनीलरावही खुलले. मागे चांगुणाने डोळे मिटून देवाचे आभार मानले.

आभार मानून होईपर्यंत वेग वाढला होता. रंगनाथने ब्रेक दाबला, गाडी जरा थबकली आणि पाय काढताच पुन्हा सुटली. मागे भरलेल्या कॅनचं वजन ढकलत होतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. रंगनाथची मांडी सुटली आणि डावा पाय रिकाम्या जागेत क्लच शोधू लागला.

"रंगनाथ, दमानं."

"दमानंच चाललोय. गाडीला सांगा."

जळक्या रबरासारखा वास यायला लागला. पुढे उसाची ट्रॉली हळूहळू चालली होती, समोरून एसटी वर येत होती, म्हणजे बाजूने काढायलाही जागा नाही. रंगनाथ जवळजवळ उभाच राहिला होता ब्रेकवर.

"मघाशी बरी हुती रे," सुनीलराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "वरडत हुती, पर धरून तर ठेवत हुती."

हे ऐकलं आणि चांगुणाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते वरडणं नव्हतंच. ती बिचारी गाडी उतारावर स्वतःला आवरून धरत होती, आणि आपण तिचं तोंड बंद केलं. तिने रंगनाथच्या खांद्यावरून हात घातला. त्याने अडवायच्या आत बटण दाबलं.

पिवळा दिवा लागला. इंजिन पुन्हा कडाडलं, गाडीने मागून कुणी दाव्याने ओढावं तसा वेग कमी केला आणि उसाच्या ट्रॉलीमागे बैलासारखी शहाणी होऊन चालू लागली. घाट संपेपर्यंत ती गुरगुरत राहिली आणि कुणीही तक्रार केली नाही.

अकोल्यात सिद्धेश्वराच्या देवळापाशी गाडी थांबली. सुनीलराव उतरले, रुमालाने मान पुसली आणि चांगुणासमोर हात जोडून उभे राहिले.

"वहिनी, मी डोळ्यांनी बघितलं. तुमी नुसता हात ठेवला आन गाडी थांबली. मौनाची ताकद हाय ही."

चांगुणाने जोरात नकारार्थी मान हलवली.

"बघ रंगनाथ, मोठेपना बी घेत न्हाईत. ठेका तुझा. पर एक अट हाय. दूध घेऊन घाट उतरताना रोज वहिनी गाडीत पायजेत, आन रोज अशाच गप. बोलल्या आन सत्त्व गेलं, तर दुधाचं कोन बघनार?"

चांगुणाने डोळे मोठे केले, हात हलवले, बेलाची पिशवीसुद्धा हलवली.

"तिची काय बी हरकत न्हाई," रंगनाथ घाईने म्हणाला. "असती तर बोलली असती." त्याच्या चेहऱ्यावर ठेक्याचा आनंद होता, पण सगळा आनंद काही ठेक्याचाच नव्हता.

चांगुणा तरातरा पायऱ्या चढून गाभाऱ्यात गेली. पिंडीवर बेल वाहिला, डोकं टेकवलं आणि मौन सोडलं.

"महादेवा," ती हळूच म्हणाली, "येवढं बी मन लावून ऐकायचं नव्हतंस."