मागून हाक आली पाहिजे

आमच्या शेजारच्या गोतमारेंनी एकदा पोस्टात जाऊन तिकिटाचा भाव केला होता. ही ऐकीव गोष्ट नाही. रांगेत त्यांच्या मागे मीच उभा होतो.

खिडकीतल्या बाबूने पैसे सांगितले. गोतमारेंनी तिकीट उजेडाकडे धरलं, उलटं केलं, मागचा गोंद बोटाने चाचपला आणि अत्यंत दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "बाबूजी, गोंद तो आधा ही लगा है. भाव ठीक-ठीक लगाओ."

"सरकारी टिकट है, भाई साहब."

"तो सरकार को बता दो, गिराहक जा रहा है."

आणि गेले! सावकाश दारापर्यंत चालत गेले, पायरीवर थांबले, वाकून चपलेचा अंगठा नीट केला. पुष्कळ वेळ केला. बाबूने हाक मारली नाही. तो पुढच्या माणसाचं पार्सल जोखत होता. मी बाहेर आलो तर हे कडुनिंबाखाली उभे. हळूच म्हणाले, "काळेजी, तुमी जाऊन माह्यासाठी एक तिकीट घेऊन घ्या न. मले आता परत जाता येत नाही."

"का बरं?"

"उठलो न मी!"

सौद्यातून उठलेला माणूस हाक आल्याशिवाय परत फिरत नसतो, हा गोतमारेंचा धर्म होता. मी पुन्हा रांगेत लागलो.

धनराज गोतमारे एमपीतल्या आमच्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. वितळलेल्या लोखंडाच्या हंड्यावर तासन्‌तास लटकत बसणारा हा माणूस जमिनीवर उतरला की भाव करायचा. आमच्या क्वार्टरची आणि त्यांच्या क्वार्टरची भिंत एक. मूळचे साकोलीकडचे, सडाफटिंग. घरात एक खाट, एक स्टोव्ह, एक रेडिओ. स्वतःसाठी त्यांनी कधी काही घेतलं नाही, पण प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या अख्ख्या सेक्टरात असं घर नव्हतं जिथला कुकर, सोफा, पंखा किंवा लग्नाचा शालू गोतमारेंच्या तोंडातून स्वस्त होऊन आला नव्हता. लग्नाच्या बोलणीलासुद्धा लोक त्यांना न्यायचे. एकदा मुलीच्या बाजूने बसून त्यांनी मुलाकडच्या लोकांना नवऱ्या मुलाचीच इतकी खोड काढून दाखवली की बिचारे वरातीचा खर्च अर्धा उचलायला तयार झाले.

"कसं जमतं तुम्हाला?" मी विचारायचो.

"काही कठीण नाही जी. पहिले खोड काढाची. मंग उसासा टाकाचा, आपलं दुःख सांगाचं. मंग उठाचं. उठल्यावर मागं पाहाचं नाही. मागून हाक आली पाहिजे. आली तं वस्तू आपली. नाही आली तं समजून घ्याचं, त्याले आपली गरज नाही."

ही विद्या त्यांना मोठ्या भावाने शिकवलेली. "दादा बैलबाजारात बैलाचा भाव करे तं लोक बैल सोडून दादाले पाहात," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! पण दादा आता कसा आहे, असं विचारलं की गोतमारेंना एकदम दूध तापवायला ठेवल्याची आठवण व्हायची. पोळा असो, दिवाळी असो, ते गावाला म्हणून कधी जात नसत.

जवळच्या सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात ते उठले की मजा यायची. कोबीवाली छत्तीसगढीण आधी तोंड वाकडं करी, मग कासावीस होई आणि शेवटी ओरडे, "ए भइया! आ ना गा, ले जा!" ती हाक कानावर पडली की गोतमारेंचा चेहरा असा काही उजळायचा, की मला वाटे, हा माणूस कोबीसाठी नाहीच आला, या हाकेसाठीच आला आहे. कोबी तर ते माझ्याच बायकोला, मालतीला, देऊन टाकायचे.

तर असे हे गोतमारे एके दिवशी सकाळी चहाच्या आधी आमच्या दारात उभे.

"काळेजी, जहाज घ्याचं हाये."

मालतीच्या हातातली साणशी तशीच राहिली.

जहाज म्हणजे डॉक्टर अन्नाम्मा मॅडमची विलायती गाडी. डॉक्टरीणबाई फार वर्षांपूर्वी इंग्लंडहून परतल्या तेव्हा बोटीत घालून आणलेली. लांबलचक, गडद निळी, अंगभर चांदीची पट्टी, आत सायीच्या रंगाच्या चामड्याच्या गाद्या! आमच्या गावात अर्धी पोरं या बाईंच्या हातावर जन्मली, आणि दवाखान्याबाहेर ती गाडी उभी असली की नवे बाप आधी तिच्याभोवती एक चक्कर मारून मगच बाळ पाहायला आत जायचे. आता बाई रिटायर होऊन केरळात निघाल्या होत्या आणि जहाज विकायला निघालं होतं.

"कोणासाठी घ्यायचं?" मी विचारलं. मला वाटलं, कोणी ठेकेदार असेल.

"माह्यासाठी."

"अहो, जाणार कुठे त्यात?"

"गावाले," गोतमारे म्हणाले. मग जरा थांबून, जमिनीकडे पाहत, "फाटकासमोर उभी कराची. हॉर्न वाजवाचा. मंग पाहू, कसे हाक नाही मारत."

कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या माणसाला स्वतःसाठी काहीतरी हवं झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगतो, माझ्याच अंगावर काटा आला.

तयारी सुरू झाली. एकट्या माणसाचा पगार, खर्चाला काही नाही, त्यामुळे पैशांचा प्रश्न नव्हता. गाडी चालवण्याचाही नव्हता. दुसऱ्यांच्या गाड्यांचे सौदे करताना 'ट्रायल'च्या नावाखाली ते केव्हाच शिकले होते. प्रश्न इज्जतीचा होता. आमच्या व्हरांड्यात तालीम झाली. मालती डॉक्टरीणबाई झाली, स्टुलावर ठेवलेला कुकर गाडी झाला. माझ्याकडे एकच वाक्य होतं. योग्य वेळी गोतमारेंची बाही ओढून म्हणायचं, "चला गोतमारे, महाग आहे." मी ते आरशासमोर पाठ केलं. मालतीनेच घोटाळा केला. गोतमारेंनी पहिली खोड काढताच ती म्हणाली, "घेऊन जा बापा तशीच, दारातली जागा तर मोकळी होईल."

"वहिनी, तुमी डॉक्टर हात की वैरी?" गोतमारे हताश झाले.

रविवारी आम्ही बत्तीस बंगल्याकडे, म्हणजे प्लांटच्या बड्या साहेबांच्या वस्तीकडे, निघालो. गोतमारेंनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, मुद्दाम जुनी चप्पल. श्रीमंत दिसायचं नाही आणि चपलेचा अंगठा तर लागणारच.

डॉक्टरीणबाई व्हरांड्यात होत्या. पांढरी साडी, तुकतुकीत चेहरा, आवाज असा की पलीकडच्या बंगल्यातलं मूलही रडायचं थांबावं. त्यांनी कॉफी मागवली, केळ्याच्या चिप्स पुढे केल्या आणि एक्स-रे ठेवायच्या मोठ्या पाकिटातून एक कागद काढला. नागपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपने गाडीचं इंजिनापासून टायरापर्यंत सगळं तपासून दिलेलं सर्टिफिकेट! जहाजाचं मेडिकल झालं होतं.

गोतमारेंनी कागदाकडे पाहिलंही नाही. ते गाडीभोवती फिरले, थांबले, जीभ टाळ्याला लावून च्च केलं. मला गुदगुल्या होऊ लागल्या.

"मैडम, बुरा मत मानना, पर रंग..."

"बाएँ दरवाज़े का उड़ गया है," बाई म्हणाल्या. "दाहिने का भी. ज़रा झुकिए, नीचे दिखेगा."

गोतमारे वाकले. खरंच उडाला होता. ते सावरले. "और हॉर्न की आवाज़..."

"बैठ गई है. सर्दी लगे जैसी. सर्टिफिकेट में लिखा है."

"इसके पार्ट तो यहाँ..."

"बिलकुल नहीं मिलते. दो बार मद्रास से मँगवाए. टूट गए तो बहुत तकलीफ़ होगी आपको."

"और पेट्रोल..."

"पानी जैसा पीती है."

गोतमारे माझ्याजवळ आले. कपाळावर घाम. कुजबुजले, "काळेजी, हे बाई सोताच्याच गाडीची खोड काढून राहिली! माह्यासाठी काही ठेवलंच नाही!"

बाईंनी आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, आजच्या पोरांना हसू येईल आणि तेव्हाच्या आम्हाला रडू येत होतं. वर म्हणाल्या, "जितनी ख़राबियाँ हैं, उनका पैसा काटकर बताया है."

मग दुसरा डाव. गोतमारेंनी असा उसासा टाकला की चिप्सवरची माशी उडाली. "अकेला आदमी हूँ, मैडम..."

"मैं भी अकेली हूँ," बाई सहज म्हणाल्या. "कॉफ़ी और लीजिए."

गोतमारेंनी माझ्याकडे पाहिलं. माझा प्रवेश आला! मी बाही ओढली, वाक्य म्हटलं, अगदी रडवेल्या सुरात म्हटलं. गोतमारे उठले.

"रहने दीजिए, मैडम. नहीं चाहिए गाड़ी."

बाईही उठल्या. हात जोडले. "ठीक है. आए, अच्छा लगा." आणि स्वतः पुढे होऊन त्यांनी आमच्यासाठी फाटक उघडलं. ऑपरेशन नको म्हणणाऱ्या पेशंटला घरी पाठवावं तसं, राग नाही, आग्रह नाही.

आम्ही रस्त्याला लागलो. "मागं पाहू नका," गोतमारे ओठ न हलवता म्हणाले. गुलमोहरापाशी ते वाकले. डाव्या चपलेचा अंगठा नीट केला. मग उजव्या चपलेचा. मग पुन्हा डाव्या. मागे फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने झाडांना पाणी घालायला सोडलेल्या नळाचा.

हाक आली नाही.

गोतमारे नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर बसले. त्यांचा चेहरा पाहून मला काही गंमत सुचेना. ते बोलू लागले.

"घरी वाटणीची गोष्ट चालू होती. दादा न मी, ओसरीत. मी मधली खोली मागून राहिलो होतो. दादा नाही म्हणे. मी उठलो. म्हटलं, नको मले तुहं घर, नको वावर, नको काहीच. काळेजी, मी भाव करून राहिलो होतो जी! मले वाटलं, फाटकाजवळ पोचतो न पोचतो तं दादा म्हणन, 'ये बे धन्या, बस.'"

"मग?"

"मंग काय. चिंचेखाली चप्पल नीट केली. लय वेळ केली. तं एसटी आली."

गोतमारेंनी कठड्यावरचा एक खडा उचलून खाली नाल्यात टाकला.

"दादाले मालूम होतं न, मी खरा उठलो नाही म्हणून. त्यानंच तं शिकवलं. तरी हाक नाही मारली. मले वाटलं, त्याले गरजच नाही आपली." ते मागे वळले. आयुष्यात पहिल्यांदा सौद्यातून उठल्यावर ते मागे पाहत होते. बाई शांतपणे जास्वंदीला पाणी घालत होत्या. "हे बाई रागावली का आपल्यावर?"

"छे हो. तुम्ही नको म्हणालात, बाईंनी ऐकलं."

"हाव न." मग अगदी हळू, "काळेजी, दादाबी भावच करून राहिला असन का? तो थांबला मी येईन म्हणून, न मी थांबलो तो बलावन म्हणून?"

मी उत्तर देण्याआधी ते उठले होते. आणि परत फिरले! लोकहो, तुम्ही गोतमारेंना परत फिरताना पाहायला हवं होतं. पायांना सवय नव्हती, एक पुढे टाकला की दुसरा अडायचा. फाटकाशी जाऊन शाळकरी पोरासारखे उभे राहिले.

"मैडम, गाड़ी चाहिए. मैंने ऐसे ही ना बोला था."

बाईंनी नळ बंद केला. "तो पहले क्यों नहीं बोला? कॉफ़ी ठंडी हो गई."

बाई म्हणतील त्या किमतीला, एक पैसा कमी न करता, गोतमारेंनी जहाज घेतलं. निघताना बाईंनी चिप्सचं एक पुडकं हातात ठेवलं, तेवढ्याचा मात्र सेक्टरभर गाजावाजा झाला. "वरतून फुकट काढलं!"

पुढच्या रविवारी आम्ही दोघे निघालो. अख्खा सेक्टर रस्त्यावर! मालतीने टायरखाली लिंबू ठेवला. राजनांदगाव गेलं, बाघनदीचा पूल गेला, ढाब्यावर गोतमारेंनी चहाचा भाव केला आणि मला जरा बरं वाटलं. पण साकोली जवळ येऊ लागली तसे ते गप्प होत गेले.

गाव आलं. चिंच आली. समोर कौलारू घर, ओसरीत खाटेवर एक पांढऱ्या केसांचा माणूस तुरीच्या शेंगा सोलत बसलेला. पोरांनी गाडीला गराडा घातला, "एमपीची गाडी! एमपीची गाडी!" गोतमारेंनी हॉर्नवर हात ठेवला. मी कान टवकारले.

त्यांनी हात उचलला. इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि चिंचेखाली न थांबता, चपलेकडे न पाहता, सरळ चालत ओसरीपर्यंत गेले.

"दादा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे, खूप वेळ. हातातली शेंग तशीच होती.

"केवढ्याले घेतली?"

गोतमारेंनी आकडा सांगितला.

"काहीच कमी नाही केलं?"

"नाही."

"ठगलं तुले, बह्याडा." म्हाताऱ्याने हातातली शेंग टोपलीत टाकली. "मले संग न्याचं होतं न."

आणि शेंगांची टोपली उचलून तो खाटेवर जरा पलीकडे सरकला.