पाटावरचा राउटर

दहिवलीच्या स्वप्नीलला दसऱ्याच्या दुपारी ऑनलाइन गेमची फायनल खेळायची होती, आणि त्याचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता. विश्वास नव्हता तो त्याच्या कॅप्टनचा. कर्जतच्या अलफियानं ही टीम बांधली होती आणि ती टीम चालवायचीही कडक. मागच्या मॅचला ऐन मोक्यावर स्वप्नीलचा गडी भिंतीकडे तोंड करून उभाच राहिला आणि शत्रूनं सावकाश येऊन त्याला टिपलं. दोष नेटचा होता, पण अलफियानं ते ऐकून घेतलं नाही. "फायनलच्या पहिल्या राउंडला अडकलास, तर दुसऱ्या राउंडला तुझ्या जागी हमदान," ती म्हणाली. "तो नेरळला तयारच बसलाय."

खालापूरच्या कारखान्यात दिवसभर नट-बोल्टांचा साठा सांभाळणाऱ्या माणसाला टीममधली ती जागा किती प्यारी असते, हे हमदानला काय कळणार? स्वप्नीलनं त्याच संध्याकाळी राउटरचं काम हातात घेतलं. घरातल्या कुठल्या यंत्राला नेट सगळ्यात आधी द्यायचं, हे राउटरच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं असं त्यानं एका व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओ निम्मा पाहूनच त्याला सगळं समजलं. पुढचा निम्मा बहुधा इतरांसाठी असावा.

सेटिंग उघडल्यावर घरातल्या यंत्रांची नावं दिसली. आता गंमत अशी, की स्वप्नीलचा कॉम्प्युटर आणि आईचा टीव्ही कर्जतच्या एकाच दुकानातून, एकाच सेलमध्ये आणलेले, एकाच कंपनीचे. त्यामुळे कंपनीचं तेच नाव पडद्यावर एकाखाली एक दोनदा आलं होतं. दुसरा कुणी असता तर थबकला असता. स्वप्नीलनं वरच्या नावाला पहिला मान दिला, कारण आपण खाली असू अशी शंकाही त्याला आली नाही.

रात्री जेवताना त्यानं घरच्यांना जाहीर समज दिली. इथून पुढं या राउटरवर पहिला नंबर आपला. बाकीच्यांना उरेल ते मिळेल. "आणि बाबा, त्याला कुणी हात लावायचा नाही. तुमचा कोयता तसं ते माझं हत्यार आहे."

त्याचे वडील धाकलू यांनी भाताचा घास तोंडाशी थांबवून राउटरकडे नीट पाहून घेतलं. आजवर त्यांना तो नुसता दिवे लागणारा डबा वाटत होता.

त्यानंतरही गेम अडकतच राहिला, उलट थोडा जास्तच. पण स्वप्नील डगमगला नाही. त्यानं राउटर भाताच्या कणगीवरून खिडकीत आणला, खिडकीतून परत कणगीवर नेला, आणि सेटिंगमध्ये जे जे बंद दिसलं ते चालू आणि चालू दिसलं ते बंद केलं. चूक आपल्या बाजूला नसून बाहेरच्या तारेत आहे, असं त्यानं अलफियाला ठणकावून सांगितलं. शिवाय त्याच्याकडे घरचा दाखला होता. आई आनंदीबाई रोज मालिका संपली की म्हणायची, "बाळा, तू काय केलंस ते केलंस, पण टीवी कसा लोण्यावानी चालतो रं आताशी." इतरांना उरलेलं नेटसुद्धा इतकं चांगलं मिळतंय म्हटल्यावर आपली सेटिंग किती पक्की असेल, याचा त्याला अभिमान वाटायचा.

दसऱ्याच्या सकाळी तो आंघोळ करून आला तर कणगीवर राउटर नव्हता. तो देवासमोर पाटावर होता. एका बाजूला कोयता आणि विळा, दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, मध्ये राउटर. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, एका अँटेनाला झेंडूचा हार आणि दुसरीला भाताची लोंबी बांधलेली होती. धाकलू हात जोडून उभे होते.

"बाबा, हे काय?"

"तुजं हत्यार हाय म्हनलास ना? मग त्याचीबी पूजा नको? वर्षाचा दिवस हाय."

स्वप्नील उचलायला गेला तसे धाकलू आडवे आले. पूजलेलं हत्यार संध्याकाळी सोनं वाटल्याशिवाय पाटावरून उचलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. स्वप्नीलनं फायनलचं सांगितलं, टीमचं सांगितलं, हमदानचंही सांगितलं. धाकलूंचं म्हणणं एकच, कापणी तोंडावर आली तरी आपण आज विळा उचलत नाही. वाद वाढत चालला तेव्हा स्वयंपाकघरातून आनंदीबाईंनी निवाडा दिला. "उचलू नको म्हनत्यात, लावू नको म्हनत नायत. तितंच वायर आण की."

मग बाहेरच्या खोलीतून लांब वायर ओढून राउटर पाटावरच चालू केला. दिवे लागले, कुंकवातून लाल हिरवे चमकले. पण नेटचं नाव बदललेलं होतं आणि जुना पासवर्ड चालेना.

"बाबा, तुम्ही ह्याला नुसती पूजाच केली ना?"

"आधी साफ केला ओल्या फडक्यानं. मागं एक बारीक भोक हाय, त्यात धूळ बसलेली. सेप्टीपिन घालून चांगली दाबून काढली. तवा सगले दिवे एकदम लुकलुकले, म्हंजे बरं वाटलं बग त्याला."

ते भोक रीसेटचं होतं. आठवडाभर केलेली एकूण एक सेटिंग धाकलूंनी धुळीसकट साफ केली होती. राउटर दुकानातून आला तेव्हा होता तसा झाला होता. त्याच्या मागं चिकटवलेल्या कागदावरचा मूळ पासवर्ड हळद पुसून वाचून तो आईच्या टीव्हीत आणि आपल्या कॉम्प्युटरमध्ये घालेपर्यंत मॅचची वेळ झाली. स्वप्नीलला रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्यानं अलफियाला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "ये तर खरा. हमदान बसलेलाच आहे."

पहिल्या राउंडमध्ये स्वप्नीलचा गडी धावला. दाराआडून वळला, जिना चढला, कुठंच अडकला नाही. दुसऱ्या राउंडला त्यानं एकट्यानं मागची बाजू सांभाळली. शेवटच्या राउंडला शत्रूच भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि स्वप्नीलनं सावकाश जाऊन त्याला टिपलं. मॅच त्यांनी जिंकली. हमदान नेरळला बसूनच राहिला.

कानावरचे हेडफोन काढले तेव्हा त्याला आईचा आवाज ऐकू आला. ती टीव्हीसमोर बसून कुरकुरत होती. "दसऱ्याचा खास भाग, नि नुसतं गोल गोल फिरतंय. आठवडाभर कसं झ्याक चाललं होतं. सकालपासून काय झालं गं बाई ह्याला?"

स्वप्नीलनं टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीच्या खाली कंपनीचं नाव होतं. मग त्यानं आपल्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. सेटिंगमधलं ते वरचं नाव कुणाचं होतं, ते त्याला आता कळलं.

तेवढ्यात अलफियाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. "मानलं तुला. आता नीट सांग, राउटरला केलंस काय? हमदानलाही करायचंय."

स्वप्नीलनं फोन धाकलूंच्या हातात दिला. "बाबांनी केलंय सगळं. त्यांनाच विचार."

धाकलू पाटासमोर मांडी घालून बसले आणि समजावून सांगू लागले. "हे बघ पोरी, आदी ओल्या फडक्यानं पूस. मग मागं एक बारीक भोक असतं. त्यात पिन घाल नि सगले दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धर. घाई करायची नाय."

अलफिया पलीकडून मन लावून ऐकत होती. स्वप्नीलनं मध्येच बोलून दुरुस्त करावं असं एकही वाक्य धाकलूंनी सांगितलं नाही. फक्त लोंबी कुठल्या अँटेनाला बांधायची, यावर ते थोडे जास्त वेळ बोलले.